कीबोर्डात ठेवलेली हाळी

आमच्या घरात दोन इंग्रजी पुस्तकं आहेत. त्यांतलं जाड पुस्तक मी जितक्यांदा वाचलं, तितक्यांदा दुसरं काहीच वाचलं नाही. पोथीसुद्धा नाही, खोटं कशाला बोलू! जाड पुस्तकात कीबोर्ड कसा चालवायचा ते आहे, आणि पातळ पुस्तकात त्यातल्या आवाजांच्या नुसत्या याद्या. माझं शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा ही पुस्तकं मी कशी वाचली आणि कुणासाठी वाचली, ते सांगते.

कीबोर्ड माझ्या धाकट्या भावाचा. विट्याला त्याची लग्नातली बँड पार्टी होती. गुडघे गेले तशी त्यानं पार्टी बंद केली आणि कीबोर्ड, स्टँड, स्पीकरचा डबा, वायरींची पिशवी असं सगळं माझ्या दारात आणून उतरवलं. म्हणाला, "ताई, तू पेटी वाजवतीस. हे वाजीव. माझ्याकडं नुसती धूळ खातंय."

पेटी मी मंदिरात ऐकून ऐकून शिकले. आमच्या बायकांच्या भजनी मंडळात वीस-बावीस वर्षं तीच वाजवते. मला वाटलं, ही जरा लांब पेटी, विजेवर चालणारी. पण पहिल्या दिवशी बटन दाबलं आणि काय सांगू! बासरी, सनई, तबला, कधी न ऐकलेली कसली कसली वाद्यं. एका पट्टीवर बोट ठेवलं की अख्खा ताफा उभा. याला नुसता कीबोर्ड म्हणत नाहीत, वर्कस्टेशन म्हणतात. कारण आवाज घडवायचे, ताल बसवायचे, पूर्ण गाणं रचायचं, सगळं त्या एकाच यंत्रात होतं. हे पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. तेवढं पान मी तेव्हा वाचलं, आणि पुढची सोडून दिली. ते किती महागात पडणार होतं, हे तेव्हा कुठं ठाऊक!

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या अगदी कडेला. दोन बांध ओलांडले की सांगली जिल्हा. कचेरीचं काम वडूजला, बाजार विट्याचा, आणि दुखणं मोठं असलं की मिरज. आमच्या रानाच्या पलीकडं आक्का राहते. आक्का माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, माहेर-सासर दोन्ही म्हसवडकडचं. उभा जन्म मेंढरांमागं गेला. आता इथं थोडं रान घेऊन पत्र्याचं घर बांधलंय, पण मेंढरं सोडली नाहीत. शंभराच्या वर आहेत. नवरा वारून बरीच वर्षं झाली. मुलगा शिरवळला कंपनीत, आणि सून इथं तिच्याबरोबर मेंढरं राखते.

दर हिवाळ्यात आक्काची मेंढरं तीन-चार मुक्काम आमच्या रानात बसवायची, हा ठरलेला रिवाज. आमच्याकडं मेंढरं बसवणं म्हणजे कापणी झालेल्या रानात कळप मुक्कामाला ठेवायचा. लेंड्या-मुताचं जे खत जमिनीला मिळतं, त्याची सर पोत्यातल्या खताला नाही. एका रानातले मुक्काम संपले की कळप पुढच्या शेतकऱ्याच्या रानात. सगळ्यांचे वार आधीच बांधलेले असतात.

आणि आक्काची हाळी! दिवस कलला की ती बांधावर उभी राहते, एक हात कमरेवर, आणि "हीऽऽ योऽऽ" अशी लांब हाळी देते. अर्ध्या मैलावरच्या माळावर पांगलेली मेंढरं एकदम वळतात. मी किती वेळा हातातलं काम टाकून ते बघत उभी राहिले असेन.

गेल्या हिवाळ्यात मेंढरं आमच्या रानात आली त्याच दिवशी आक्का मिरजेहून तपासून आली होती. आवाज दोन महिने बसलेलाच होता. आमच्या पडवीत टेकली आणि म्हणाली, "नरड्यात गाठ हाय म्हनं. आवाजाच्या नळीवर. म्होरल्या सोमवारी कापायची."

मी घाबरले. "मग? बरी होईल ना?"

"बरी व्हनार की. डॉक्टर चांगला हाय, हसून बोलतोय. म्हनला, मावशी, हळूहळू बोलाल, घोगरं बोलाल. पर हाळी इसरा. आन तवर बी वरडायचं न्हाई."

"आगं मग जीव वाचतोय, हे काय थोडं झालं?"

"जिवाचं कोन बोलतंय, बाय? बोलाय आलं न्हाई तर न्हाई. लय बोलले आजवर, सुनंला इचार. पर मेंढरं कुनाचं ऐकायची? सून हाळी देती, तर मान वर करून बघत्यात आन परत खाली घालत्यात. पोरगा म्हनतोय, इकून टाकू."

सुनेनं फोनवर तिची हाळी भरून बघितली होती. आक्काच म्हणाली, "ती डबी वरडती, मेंढरं चरत्यात." फोनचा आवाज चिरका, हे एक झालं. पण खरी अडचण वेगळीच होती. आक्का काही रोज सारखी हाळी देत नाही. मेंढरं किती लांब आहेत, कुठलं मागं रेंगाळतंय, हे बघत बघत ती हाळी ओढते, तोडते, पुन्हा देते. फोन आपला ठरलेलं बोलून गप्प.

आणि ती हे सांगत असतानाच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! पुस्तकाच्या त्या पहिल्याच पानावर एका मोठ्या धड्याचं नाव होतं, सॅम्पलिंग. बाहेरचा कुठलाही आवाज माइकमधून आत घ्यायचा आणि पट्टीवर बसवायचा. म्हणजे आवाज नुसता ठेवायचा नाही, तो बोटानं वाजवायचा. हवा तेव्हा, हवा तेवढा.

"आक्का," मी म्हटलं, "तुझी हाळी मी पेटीत घालते."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "तुला काय याड लागलंय का गं?"

भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, सॅम्पलिंग मी कधी केलंच न्हाई. आमी तयार आवाजांवर वराती काढल्या. पर पुण्यात एकानं त्यात मेमरी बसवून दिलीय, एवढं नक्की. तिच्याशिवाय सॅम्पल घेता येत न्हाई." मी धडा उघडला. फोनचा कॅमेरा पानावर धरला की मराठी उमटतं, ते नातवंडांनी शिकवलेलं. सॅम्पल मेमरीचं त्यानं केलं 'नमुना स्मृती'. मला वाटलं एखाद्या पुढाऱ्याचं स्मारक! पण बटनांची नावं मी इंग्रजीतच ओळखत होते, कुठलं कधी दाबायचं तेवढं कळत गेलं. पडद्यावर मोकळ्या जागेचा आकडा दिसला तेव्हा मी एकटीच टाळी वाजवली.

संध्याकाळी कीबोर्ड मागच्या पडवीत मांडला. भजनी मंडळाचा माइक, भावाची लांब वायर, आणि आक्का बांधावर. मी म्हटलं होतं, दुपारी निवांत घेऊ. तर म्हणाली, "मेंढरं म्होरं नसताना हाळी? तोंडातनं निगतच न्हाई, बाय." डॉक्टरांनी नको म्हटलंय, हे मला माहीत होतं. पण ती संध्याकाळची हाळी काही सोडत नव्हती. मग निदान एक तरी कामाला लागू दे, असा मी विचार केला.

तिनं हाळी दिली. मी बटन दाबलेलं होतं. मेंढरं वळली, धूळ उडाली, आणि पडद्यावर एक काळी लाट उमटली. मध्ये फुगलेली, दोन्हीकडं निमुळती. आक्काचा आवाज डोळ्यांना दिसत होता!

मेंढरं वाघरीत कोंडून आक्का पडवीत आली. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. मी मधल्या सा च्या पट्टीवर बोट ठेवलं. "हीऽऽ योऽऽ!" हुबेहूब! आक्का दोन पावलं मागंच सरकली. मग मी वरची पट्टी दाबली. तीच हाळी, पण बारीक आणि भरभर. पट्टी चढली की आवाज चढतो आणि त्याची लांबीही आखडते.

"आगं बया, ही तर माझी नात!" आक्का म्हणाली.

खालची दाबली. जाड, संथ, खर्जातली.

"आन ह्यो आमचा सासरा. मेला तवा आसाच वरडत हुता." आणि हसून हसून तिला खोकला लागला.

पुन्हा मूळ पट्टी दाबली, स्पीकर रानाकडं तोंड करून. वाघरीतली म्होरकी मेंढी, जिच्यामागं सगळी चालतात ती, ताडकन उभी राहिली आणि आमच्याकडं बघायला लागली. आक्कानं माझा दंड असा दाबला की दोन दिवस दुखत होता.

आता पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला विट्याला एका साखरपुड्याला जायचं होतं. आमचे हे फौजेतनं निवृत्त. तिथं ते गाड्यांचे मेकॅनिक होते. घरातनं शेवटचा माणूस बाहेर पडला की मेन स्विच बंद, हा त्यांचा नियम. लग्न झाल्यापासून एकदाही चुकलेला नाही. फ्रिजसुद्धा बंद, म्हणून तर आमच्याकडं दूध उरवून ठेवत नाहीत. मी कीबोर्ड चालूच ठेवला होता, वर स्वच्छ चादर घालून. ह्यांनी दाराशी येऊन मेन खाली केला, कुलूप लावलं, आणि आम्ही गेलो. माझ्या ध्यानातही आलं नाही. रोजचंच ते.

दुपारी परतलो तर आक्का सुनेला घेऊन हजर. सुनेला दाखवायचं होतं. मी ऐटीत चादर काढली, कीबोर्ड चालू केला, पट्टी दाबली.

काही नाही. दुसरी दाबली. काही नाही. पडद्यावर मोकळ्या जागेचा आकडा पहिल्यासारखा पूर्णच्या पूर्ण.

"ग्येली?" आक्का म्हणाली.

"गेली."

सून ह्यांच्याकडं बघायला लागली, हे माझ्याकडं, आणि मी मेन स्विचकडं.

"मला सांगायचं न्हाई का?" हे म्हणाले.

"तुम्हाला सांगून काय! तुम्ही देवळात गेलात तरी तिथला मेन बंद करून याल!"

"आवं दाजी," आक्का खरखरत्या आवाजात म्हणाली, "मिरजेच्या डॉक्टरनं एक गाठ काढायच्या आधी तुमीच सगळा आवाज काढून टाकला की!" म्हणाली हसत, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. आदल्या हाळीनं तिचा गळा अजूनच बसला होता. आणि उद्या आमच्या रानातला शेवटचा मुक्काम. परवा मेंढरं पुढच्या रानात जाणार होती, आणि आक्का मिरजेला.

त्या दोघी गेल्यावर ह्यांनी चप्पल काढली, चष्मा पुसला आणि माझ्यासमोर बसले. म्हणाले, "पुस्तक आण. चौकटीतलं वाचलंस का?"

"कसली चौकट?"

"फौजेत गाडीचं पुस्तक हातात आलं की आदी चौकटी वाचायच्या. धडा नंतर. जे चुकलं की वाटोळं होतं, ते चौकटीत आस्तंय."

धड्याच्या तिसऱ्या पानावर होती की चौकट! मी तिच्यावरनं थेट 'रेकॉर्ड' वर उडी मारली होती. कॅमेरा धरला. मराठी तोडकंमोडकं, पण अर्थ स्वच्छ: वीज बंद केली की सॅम्पल मेमरीतलं सगळं जातं. बंद करण्याआधी बाहेरच्या साठवणीत जपून ठेवा.

मग मला ते कळलं, आणि असं कळलं की पुन्हा विसरणार नाही. सॅम्पल मेमरी म्हणजे परात. पीठ परातीतच मळायचं, गोळे करायचे, थापायचे. पण जेवणं झाली की परात धुतली जाते. भाकरी ठेवायची तर ती डब्यात. मी भाकरी परातीत ठेवून साखरपुड्याला गेले होते आणि ह्यांनी भांडी घासली. कारखान्यातनं आलेले सनई-तबल्याचे आवाज वेगळ्या मेमरीत असतात. ते वीज गेल्यानं जात नाहीत, आणि त्यांच्यामुळंच मी फसले. मला वाटलं, सनई राहते तर आक्का का नाही राहणार?

त्या दुपारी आम्ही दोघं नवरा-बायको परीक्षेला बसल्यासारखे बसलो. हे चौकटी शोधायचे, मी धडा. कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या मागं मी मराठीत लिहून काढत होते. आणि काय काय निघत गेलं! आवाज दोन कानांचा घेतला तर जागा दुप्पट लागते, एकाच बाजूचा घेतला तर निम्मी. मी म्हटलं, एका बाजूचा पुरे. हे म्हणाले, "मेंढराला दोन कान आस्त्यात." पन्नास वर्षं झाली लग्नाला, अजून असंच. पुढं निघालं की सॅम्पलचा आधीचा-नंतरचा रिकामा भाग कापून टाकता येतो, म्हणजे पट्टी दाबल्याबरोबर आवाज येतो.

आणि मग लूप सापडला! त्या लाटेतला एक तुकडा निवडायचा. पट्टीवर बोट असेपर्यंत तो तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो. म्हणजे आक्काच्या "योऽऽ" चा मधला एकसारखा भाग लूपमध्ये टाकला, तर हाळी बोटाइतकी लांबणार. एक श्वास ओढा नाहीतर दहा! मी उठून पडवीत एक फेरी मारली. बसवेचना. पेटीत भाता हलतो तोवर सूर राहतो, तसंच हे, फक्त इथं आक्काच्या छातीतला श्वास माझ्या बोटाखाली!

राहिला डबा. साठवायला पेनड्राइव्ह पाहिजे, आणि तो यंत्राला चालेल असा आधी फॉरमॅट करून घ्यायचा. घरात पेनड्राइव्ह एकच, ह्यांच्या ट्रॅक्टरातला. त्यात ह्यांची गाणी, वर्षानुवर्षं जमवलेली. ह्यांनी चौकट वाचली: फॉरमॅट केलं की आतलं सगळं पुसलं जाईल. हे ट्रॅक्टरकडं गेले, पेनड्राइव्ह काढून आणला आणि माझ्या हातावर ठेवला. "दाब," म्हणाले, "माझंबी जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आक्का बांधावर उभी राहिली. गळ्याला मफलर. बोलणं जवळजवळ बंद. जवळ बोलवून कानात म्हणाली, "येकच दीन. दुसरी निगायची न्हाई."

एकच! म्हणजे आवाजाची पातळी आधीच बसवून ठेवायला हवी. फार बारीक घेतला तर मेंढरांना पोचणार नाही, फार मोठा घेतला तर फाटणार, आणि फाटलेला दुरुस्त होत नाही. पण आक्काला ओरडायला न लावता पातळी बसवायची कशी? हे माइकसमोर जाऊन उभे राहिले, छाती काढली, आणि फौजेतला ठेवणीतला आवाज लावला: "सावधाऽऽन!"

लाल दिवा लागला. माळावरची मेंढरं दचकून उलटीकडं पळाली. कुत्रं भुंकायला लागलं. मी पातळी कमी केली.

"पुन्हा!"

"दाहिने मूऽऽड!"

आक्का पोट धरून बांधावर खाली बसली. हसायलाही आवाज नव्हता बिचारीला. सून पलीकडनं ओरडली, "आवं मामा, मेंढरं जिल्हा ओलांडून ग्येली!" तिसऱ्या हुकमाला काटा बरोबर जागेवर आला. यंत्राला मी सांगून ठेवलं होतं की आवाज अमुक एवढा चढला की आपणहून घ्यायला लाग. तीही सोय होती पुस्तकात, म्हणजे माझं बोट चुकायचा प्रश्न नाही.

आक्का उठली. मफलर सोडला. हात कमरेवर. आम्ही तिघंही श्वास धरून. एवढ्यात वाऱ्याची झुळूक आली तशी तिनं हातानं थांबा म्हणून खूण केली, आणि वारा पडेपर्यंत तशीच उभी राहिली. मेंढरं लांब, फार लांब होती. तिनं पोटातनं श्वास घेतला आणि हाळी दिली.

पहिल्या दिवसाइतकी गोल नव्हती ती. शेवटाला जराशी चिरली. पण लांबी! मी आकडा बघत होते, संपतच नव्हती. मेंढरं तिकडून वळली आणि ओढ्यासारखी खाली यायला लागली. आक्का मफलर गुंडाळत वाघरीकडं निघून गेली.

मी यंत्र हललं तरी घाबरत होते. लाट कापली, लूप ठेवला, मोकळी पट्टी निवडली, आणि पेनड्राइव्हवर साठवायचं बटन दाबलं. यंत्रानं विचारलं, नक्की का? ह्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. "नक्की," आम्ही दोघं एकदमच म्हणालो, जसं काही त्याला ऐकू येतंय.

साठवून झालं. आता? आता परीक्षा. हे म्हणाले, "बंद करून बघायला पायजे."

माझा धीर होईना. "राहू दे की चालूच. आठ दिवस."

"आन एमएसईबीनं घालवली मंजे?" बरोबर होतं ते. आक्का आणि सून दारात येऊन उभ्या राहिल्या. हे स्विचपाशी गेले. उभ्या संसारात तो मेन त्यांनी हजारो वेळा बंद केला असेल, पण त्या दिवशी आधी माझ्याकडं वळून बघितलं. खट्. अंधार. पडद्यावर काही नाही. मग पुन्हा खट्. कीबोर्ड सुरू व्हायला जो काही अर्धा मिनिट लागला, तो मला एकादशीच्या उपवासाएवढा वाटला. पेनड्राइव्हमधनं फाइल उचलायची, मेमरीत भरायची, पडद्यावर एक रेघ टक्के दाखवत पुढं सरकते. भरली. मी आक्काचा हात धरला आणि तिचंच बोट पट्टीवर ठेवलं.

"हीऽऽ योऽऽऽऽऽ…"

तिनं बोट उचललंच नाही. हाळी चालूच. तिनं आधी स्पीकरकडं बघितलं, मग बोटाकडं, आणि मग पदरानं तोंड दाबलं. सून रडायला लागली आणि हे उगीचच वायरी गुंडाळायला लागले.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. डॉक्टरांनी महिनाभर एक शब्द बोलायचा नाही अशी ताकीद दिली. त्या महिन्यात सुनेनं मेंढरं कुत्र्याच्या आणि आपल्या पायांच्या जोरावर सांभाळली. रोज एक-दोन मागं राहायची, ती दिवस मावळेपर्यंत शोधायची. मुलानं शिरवळहून दोनदा फोन करून गिऱ्हाईक बघितलंय म्हणून सांगितलं. आक्का फोन कानाला लावायची आणि उत्तर न देता सुनेकडं द्यायची.

तो महिना संपता संपता एका रविवारी आम्ही सगळं सामान ट्रॉलीत घालून तिच्या पत्र्याच्या घरी नेलं. मुलगाही आला होता. तो एका बाजूला हाताची घडी घालून उभा. मला म्हणाला, "मावशी, तुमी लय केलंसा. पर मेंढरू यंत्राला फसत न्हाई."

मी म्हटलं, "फसवायचं कुणाला आहे? आवाज तुझ्या आईचाच आहे, आणि बोटही तिचंच."

आक्का दारात खुर्ची टाकून बसली, कीबोर्ड पुढ्यात, स्पीकर माळाकडं. मला खुणेनं बाजूला हो म्हणाली. ऊन उतरलं होतं. तिनं पट्टी दाबली.

म्होरकी मेंढी थांबली. मान वर. आणि हललीच नाही. मुलगा काही बोलणार तोच आक्कानं त्याच्याकडं असं बघितलं की तो गप्प. तिनं बोट उचललं. थोडं थांबली. पुन्हा दाबलं, आता तुटक, दोनदा. मग लांब. मला एकदम कळलं, ती वाजवत नव्हती, हाळीच देत होती. म्होरकी वळली. तिच्यामागं दहा, मग वीस, मग सगळा माळच खाली उतरायला लागला. मी आणि सून लहान पोरींसारख्या उड्या मारत होतो.

एवढ्यात हुरूप येऊन आक्कानं शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबल्या. नात आणि सासरा दोघं मिळून ओरडले! मेंढरं जागेवरच गोंधळून फिरायला लागली. आक्काचे खांदे गदगदा हलत होते, तोंडातनं आवाज नाही, डोळ्यांतनं पाणी. मग तिनं तोंड पुसलं, बरोबर पट्टी शोधली आणि पुन्हा बोट ठेवलं.

मेंढरं घराशेजारच्या काटेरी कुंपणाच्या वाड्यात शिरायला लागली. सून दारात उभी राहून हात लावून लावून मोजत होती. एक लंगडी मेंढी फार मागं राहिली होती, आपल्या चालीनं येत होती. मुलानं घडी सोडली आणि वाड्याचं फाटक धरून उभा राहिला, ती येईपर्यंत. आक्कानं मान थोडी पुढं काढून तिला बघितलं. ती हळूहळू आली, फाटकातनं आत गेली, मुलानं कडी लावली. तेव्हा कुठं आक्कानं पट्टीवरचं बोट उचललं.